किल्ल्यांची म्हाई

अक्का, म्हाई झाली. काल शनिवारी, ठरल्याप्रमाणे. सगळ्या किल्ल्या बसल्या, एकही प्रोग्रॅम अडला नाही, आणि पांढरा रस्सा खारट झाला. पहिल्या दोन गोष्टींवर तू नुसती मान हलवली असतीस. तिसरीवर तासभर बोलली असतीस.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न केला. पण तुझी आठवण आली की आधी तुझा आवाज येतो, आणि आवाज आला की आपलं भांडण सुरू होतं. इतकी वर्षं आपण दोघं एकाच गोष्टीवरून भांडलो, आणि ते मिटायच्या आत तू निघून गेलीस. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुझी सवय नव्हती. आता त्याचा निकाल मला उद्या सकाळी कंपन्यांना कळवायचाय. समोर कोणी नसताना जिंकायचं कसं, ते मला कळेना झालंय. म्हणून आज चहाचा कप घेऊन तुलाच लिहायला बसलो.

आधी एक गंमत सांगतो. पंचगंगेवर तुझ्या रक्षाविसर्जनाला तुझे मामा आले होते, गडहिंग्लजच्या पलीकडून. सगळं आटपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पावणं, तुमी शांताच्या हापिसातलं न्हवं? आमची शांता कंपूटरात हुती म्हणत्यात. म्हंजे नेमकं काय करायची?"

आता नदीच्या काठावर मेनफ्रेम काय सांगणार? तरी सांगितलं. म्हटलं, उद्यमनगरात आमचं सेंटर आहे. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला फौंड्री, आणि मधे एका थंडगार खोलीत कपाटाएवढा कम्प्यूटर. जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे, दूध संस्थांचे हिशेब त्याच्यावर चालतात. मशीन आपलं, पण आतले बरेचसे प्रोग्रॅम परदेशी कंपन्यांचे, भाड्याने घेतलेले. प्रत्येक प्रोग्रॅमला एक किल्ली असते. किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ. ती मशीनमध्ये घातली की प्रोग्रॅम चालतो. ती सगळी ओळ न् ओळ अक्का सांभाळायची.

मामांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग मी तुझंच वाक्य काढलं. "मामा, एसटीचा पास असतोय न्हवं? त्येच्यावर नाव असतंय, तारीख असतीया. दुसऱ्याचा पास चालत न्हाय, आणि तारीख गेली की कंडक्टर खाली उतरवतोय. तसंच. किल्ली एकाच मशीनची, आणि तारखेपुरती."

"आत्ता गं!" मामा म्हणाले. "म्हंजे आमची शांता बी कंडक्टरच की! आमाला वाटलं, जावईच तेवढा कंडक्टर."

शेजारी दाजी उभे होते. एसटीच्या नोकरीत उभा जन्म काढलेला तुझा नवरा. ते एकदम हसले. मग मी हसलो, मग मामा. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. तुझ्या रक्षाविसर्जनाला कोणी हसलं नसतं तर तूच रागावली असतीस.

मी सेंटरला आलो तो दिवस तुला आठवत असेल, तू तो निदान शंभर लोकांना सांगितलायस. वारणेच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मी, गळ्यात टाय. तू साडीवर मरून रंगाचा स्वेटर घालून, पायात लोकरीचे मोजे चढवून, एसीच्या गारठ्यात बसलेली. प्रिंटर इतका धडधडत होता की मला वाटलं फौंड्रीच आत आलीय. त्याच्यावरनं तुझा आवाज आला.

"पावणं, बूट बाहीर! आणि त्यो टाय बी काढा, प्रिंटरात अडकंल."

"हो मॅडम."

"मॅडम कोण? हितं मॅडम न्हाय कुणी. अक्का म्हण. चेरमन बी अक्काच म्हणतोय."

त्या दिवसापासून मी सिकंदरचा 'शिकंदर' झालो आणि तू माझी अक्का झालीस. घरी अम्मीला सांगितलं, मला नोकरी लागली आणि एक थोरली बहीण पण मिळाली. अम्मी म्हणाली, नोकरी टिकव, बहीण टिकेल. दोन्ही टिकल्या. तू जाईपर्यंत.

तेव्हा किल्ल्यांच्या तारखा कशाही पडलेल्या असायच्या. एक प्रोग्रॅम श्रावणात संपायचा, एक ऐन पाडव्याला, एक नेमका मार्च एंडच्या गर्दीत. ऑपरेटरच्या स्क्रीनवर वर्षभर कुठली ना कुठली सूचना चालूच: अमक्याची मुदत संपत आली, तमक्याची संपत आली. तुला ते बघवत नव्हतं. "घरात रोज कोण ना कोण कण्हतंय, त्यातली गत," म्हणायचीस. मग तू एकेका कंपनीच्या मागे लागलीस. ह्यांच्याकडून या वर्षी अपुऱ्या मुदतीची किल्ली घे, त्यांच्याकडून पुढच्या वर्षी वाढीव मुदतीची घे, असं करत करत सगळ्या तारखा एका रांगेत आणून उभ्या केल्यास. जानेवारीतला दुसरा शनिवार आला की एकाच दिवशी सगळ्या जुन्या किल्ल्या काढायच्या, सगळ्या नव्या घालायच्या.

"दुसरा शनवार, संस्था बंद," तू कारणं सांगितलीस. "मार्च एंड लांब. आणि थंडी, मटण पचतंय."

त्यातलं मटण हे खरं कारण आहे असं मी तेव्हाच म्हणालो होतो. तू म्हणालीस, मग काय, म्हाई म्हटल्यावर मटण नको? गावात देवीची म्हाई, म्हणजे जत्रा, असते तेव्हा गावाबाहेर गेलेला प्रत्येक माणूस त्या दिवशी परत येतो, तशी ही किल्ल्यांची म्हाई. रिटायर झालेले ऑपरेटर बंडूतात्या कळंब्याहून यायचे. वैशाली आपल्याकडून पुण्याच्या नोकरीला गेली, तरी रजा टाकून यायची. आणि दाजी डबे घेऊन. माझ्या चुलत्याच्या दुकानातून मटण मी आणायचं. "चुलत्याला सांग, अक्काचं हाय, चरबी ढकलू नगोस." चुलता तुझं नाव ऐकूनच सुरी पुसायला घ्यायचा.

आणि तुझी ती पद्धत. नव्या किल्ल्या आदल्या दिवशी आपण दोघांनी घालून ठेवायच्या. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, मग जागा बदलून परत. शनिवारी फक्त शेवटचं बटण दाबायचं राहायचं, आणि ते तू दाबायची नाहीस. टेपच्या प्रोग्रॅमचं बंडूतात्या, रिपोर्ट छापायच्या प्रोग्रॅमचं वैशाली. ज्यानं जो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं वापरला, त्याच्या हातून तो पुढच्या वर्षात जायचा. दाजींना तू याद्या क्रमानं लावायच्या प्रोग्रॅमचं बटण दिलंस. दाजी दरवेळी आधी शर्टाला हात पुसायचे. कंपन्यांच्या कुठल्याही पुस्तकात अशी पद्धत लिहिलेली नाही. बाहेरून आलेल्या एका ऑडिटरनं विचारलं होतं, हे बटण दाबणारे गृहस्थ कोण? तू म्हणालीस, "मालक हायत." ऑडिटरला वाटलं सेंटरचे.

आता भांडण. मी पहिल्या वर्षीच म्हणालो होतो, अक्का, हे धोक्याचं आहे. सगळ्या किल्ल्या एकाच दिवशी संपणार. त्या दिवशी काही घोटाळा झाला, एखादी कंपनी उशिरा जागी झाली, तर आपलं सगळं दुकानच बसेल. तारखा वर्षभर विभागून ठेवूया, एक अडला तरी बाकीचे चालू राहतील.

"आणि म्या वर्षभर क्यालेंडर बघत बसू?" तू म्हणालीस. "रोज एक पाव्हणा आला तर बाई चुलीम्होरनं उठंल कवा? सगळी एकदम बोलवावी, वाढावं, मोकळं व्हावं."

"आणि त्या दिवशी गॅसच संपला तर?"

"दुसरं सिलिंडर ठेवतीया मी. तुझ्यासारखी न्हाय."

हे भांडण आपण कुठं केलं नाही? मशीनरूममध्ये केलं, तुझ्या स्कूटरवर मागे बसून केलं. ईदला शिरखुर्मा खायला आलीस तेव्हा अम्मीसमोर केलं. अम्मीला मेनफ्रेम म्हणजे काय ते आजही माहीत नाही, पण ती तुझ्या बाजूची. "अक्का बोलती ते ऐक की!" संपला विषय. तुझ्यापाशी मात्र मुद्दे कमी आणि दाखले जास्त असायचे, आणि दाखला संपला की तू आवाज वाढवायचीस. मी दरवर्षी नवा मुद्दा आणायचो, तक्ता काढून आणायचो. तू तक्ता बघायचीस, घडी घालून त्याच्यावर डबा ठेवायचीस.

तुझी माझ्यावर एक सरशी मात्र कायमची झाली, ती नव्या मशीनच्या वेळची. ती गोष्ट मी आता सगळ्यांना सांगतो, तू सांगायचीस तशी नाही, पण सांगतो. जुनं मशीन काढून नवं आणलं. नव्या मशीनचा नंबर वेगळा, म्हणजे किल्ल्याही नव्या लागणार. तू त्या वेळेवर मागवल्यास, ठरलेल्या दिवसापासून चालतील अशा. आणि चेअरमननी आदल्या दिवसाचा मुहूर्त काढला.

"सायेब, किल्ल्या उद्यापासनं चालणार हायत," तू म्हणालीस.

"अक्का, उद्यापासनं पितृपंधरवडा. आज म्हंजे आजच."

"मशीन पंधरवडा पाळत न्हाय वं."

"मी पाळतोय की."

मग काय, फेटे आले, पेढे आले, गुरुजी आले. आत नारळ फोडू द्यायला तू तयार नव्हतीस, पाणी उडेल म्हणून. शेवटी नारळ शेजारच्या फौंड्रीच्या पायरीवर फुटला आणि अर्धा प्रसाद तिथंच संपला. चेअरमननी बटण दाबलं. दिवे लागले, टाळ्या झाल्या. आणि स्क्रीनवर एकामागून एक ओळी यायला लागल्या, या प्रोग्रॅमची मुदत अजून सुरू झालेली नाही.

"काय म्हणतंय?" चेअरमननी फेटा सावरत विचारलं.

"उद्या या म्हणतंय."

मी तरुण होतो, हुशारी दाखवायला गेलो. म्हटलं, अक्का, मशीनचं घड्याळच एक दिवस पुढं करूया. तू माझ्याकडं असं बघितलंस की अजून आठवलं तरी घाम फुटतो. "आणि दूध संस्थेच्या खात्यावर उद्याचं दूध आजच घालू? म्हस ऐकंल?" मग गुरुजींकडं वळलीस. "गुरुजी, अजून काय म्हणायचं ऱ्हायलंय?"

"झालं की सगळं."

"मग परत पयल्यापासनं घ्या."

गुरुजींचा दुसरीकडं सत्यनारायण होता, पण त्यांनी घेतलं. आणि तू परदेशातल्या कंपनीला फोन लावलास, तातडीच्या किल्ल्या द्या म्हणून. पलीकडचा माणूस एकेक अक्षर त्याच्याकडच्या गावांच्या नावानं सांगायला लागला. तुला ती गावं कळेनात. मग तू तुझी लावलीस. आर फॉर रंकाळा. पी फॉर पन्हाळा. एम फॉर मटण. मग हळूच त्याचा आवाज आला, "आर फॉर रंकाळा?" "व्हय, बराबर!" तू ओरडलीस. शेजारी चेअरमन उभे, तेही राहवेना म्हणून सांगायला लागले, "जे फॉर जोतिबा सांगा त्येला!" तिसऱ्या किल्लीपर्यंत तो परका माणूस आपण होऊन मटण म्हणायला लागला होता. त्या कंपनीचे प्रोग्रॅम संध्याकाळच्या आत चालू झाले, बाकीचे दुसऱ्या दिवशी आपोआप. चेअरमन म्हणाले, बघा, मुहूर्त लागला. तू म्हणालीस, फोन लागला म्हणा.

नंतर मी म्हणालो, बघ, सगळ्या किल्ल्या एकाच तारखेच्या होत्या म्हणून हे झालं. तू म्हणालीस, एकाच तारखेच्या होत्या म्हणूनच एका फोनात निभावलं. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांनाही ते कळत होतं.

हसण्यावारी नेतोय म्हणून तुला वाटेल, ह्याला काही वाटलंच नाही. तर ऐक. अब्बा गेले तेव्हा तू कब्रस्तानाच्या दारापर्यंत आलीस आणि उन्हात बाहेर उभी राहिलीस. मी बाहेर आलो तशी माझ्या दंडाला धरून चालायला लागलीस. त्यानंतर किती तरी दिवस माझं काम तू केलंस आणि हजेरीत माझी सही नसल्याबद्दल कोणाला एक शब्द विचारू दिला नाहीस. मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू मारलं असतंस. पण आता मारायला येत नाहीस, म्हणून म्हणतो. अक्का, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. मला तुझी फार आठवण येते.

दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला वाटलं, आता तरी गप्प राहशील. मला बघितलंस आणि मास्क खाली ओढलास.

"शिकंदर, तारखा वायल्या-येगळ्या करू नगोस हां."

"आधी बरी हो, मग भांडू."

"बरी झाल्यावर तर तू हरणारच हाईस."

नर्सनं मास्क परत चढवला आणि मला बाहेर काढलं. शेवटचं वाक्य तुझंच राहिलं, नेहमीसारखं.

मग तू गेलीस, आणि खरी पंचाईत कंपन्यांनी केली. सगळ्या किल्ल्या तुझ्या नावावर यायच्या. मी कळवलं, त्या वारल्या, आता माझ्या नावानं पाठवा. एका कंपनीकडून आपोआप उत्तर आलं: तुमची विनंती मंजुरीसाठी श्रीमती शांता यांच्याकडे पाठवली आहे. मी परत लिहिलं. परत उत्तर: श्रीमती शांता यांनी अद्याप प्रतिसाद दिलेला नाही, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा. मी हसलो. बंडूतात्यांना फोन करून वाचून दाखवलं, तेही हसले. मग फोन ठेवल्यावर त्या ओळीकडं बराच वेळ बघत बसलो. जगात एक तरी जागा होती जिथं तू अजून उत्तर द्यायची बाकी होतीस. खरं सांगतो, ती मंजुरी लवकर मिळू नये असं मला वाटत होतं.

शेवटी फोनवर एक खरा माणूस मिळाला, त्यानं मनापासून दुःख व्यक्त केलं आणि नाव बदलेपर्यंत तात्पुरत्या किल्ल्या दिल्या. बाकीच्यांनीही तेच केलं. त्या मार्चपर्यंत चालतील. आता नाव बदललंय, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न आलाय: वर्षाच्या किल्ल्या करतोय, मुदत कुठल्या तारखेपर्यंत हवी? म्हणजे सगळी रांग मोडलेली आहे आणि नव्यानं लावायची आहे, हवी तशी. मी वर्षानुवर्षं हीच संधी मागत होतो. आणि ती मिळाली ती अशी.

तर काल. तात्पुरत्या का असेनात, किल्ल्या होत्या, म्हणून म्हाई केली. परवा संध्याकाळी मला वाचून दाखवायला कोणी नव्हतं. वैशाली एक दिवस आधी आली, तिनं वाचलं. तुझ्याइतकी मोठ्यानं नाही, पण वाचलं. शनिवारी बंडूतात्या आले, गुडघा दुखतोय म्हणत बूट काढायला खाली बसले आणि उठेनात. दाजी आले. हातात नेहमीचे डबे. आम्ही सगळे त्या डब्यांकडे बघत राहिलो.

"मीच केलंय," दाजी म्हणाले. "तिचं बघून बघून म्हाईत हाय मला."

बटणं दाबून झाली. तात्यांनी त्यांचं, वैशालीनं तिचं. दाजींनी हात पुसले आणि त्यांचं दाबलं. तुझ्या अशा कुठल्याच बटणाची आठवण निघाली नाही, कारण तू स्वतःकडं एकही ठेवलं नव्हतंस. मग पॅसेजमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि जेवायला बसलो. पहिला घोट रस्सा घेतला आणि मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी वैशालीकडं. अक्का, रंकाळ्यात मीठ टाकल्यासारखं होतं सगळं. सगळे मान खाली घालून पितायत. शेवटी दाजींनीच एक घोट घेतला.

"आयला," ते म्हणाले, "मीठ दोनदा पडलं जणू."

"तिनदा, दाजी," वैशाली म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग दाजींना. मग मटण वाढता वाढता तात्या नाक पुसायला लागले. मी म्हटलं, रडू नका कोणी, रस्सा आणखी खारट होईल. तो विनोद तुला चालला असता. सगळ्यांनी पाणी घालून घालून सगळा रस्सा संपवला. डबा रिकामा घरी गेला.

हात धुताना दाजी माझ्या शेजारी उभे राहिले. नळ चालूच.

"शिकंदर, एक सांगू? ती मला म्हणायची, शिकंदरचंच बराबर हाय म्हणून. पयल्यापासनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग माझ्याशी भांडायची कशाला?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हणली, तारखा वायल्या केल्या तर त्यो एकटाच बसून एकेक किल्ली घालून मोकळा हुईल. मग बंडूतात्या कशाला येतील? वैशाली पुण्यासनं कशाला यील? ही सगळी कशाला येतील?"

त्यांनी नळ बंद केला आणि डबे आवरायला गेले. मी ओले हात तसेच धरून उभा.

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं तू मला तक्ते काढायला लावलेस, आणि तुला मी बरोबर आहे हे माहीत होतं! रात्री झोपताना बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग जिंकलात की. मी म्हटलं, हो. आणि कूस बदलली.

सकाळी लिहायला बसलो तेव्हा तारखांचं काहीच ठरलेलं नव्हतं. मघाशी मधेच उठलो आणि ठरवलं. तारखा वेगळ्या करतोय, अक्का. तुझ्या जिवावर वर्षभराचं सेंटर एका दिवसावर टांगलं होतं ते चाललं, कारण तू होतीस. मला तेवढी धमक नाही. जानेवारीतली तुझी तारीख हलवत नाही, पण तिच्यावर आता थोड्याच किल्ल्या. बाकीच्या एप्रिलात, पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर. चार गट. टेपचा प्रोग्रॅम एका गटात टाकला, रिपोर्टचा दुसऱ्यात, दाजींचा तिसऱ्यात, आणि चौथ्यात मी वापरतो तो. म्हणजे कोणाचं ना कोणाचं बटण दरवेळी असणार.

पण कळवायच्या आधी विचारायला हवं होतं. एरवी मी विचारलं नसतं, तू मला शेवटपर्यंत तसाच, एकट्यानं उरकून मोकळा होणारा, समजत होतीस, आणि खरं आहे ते. म्हणून एकेकाला फोन लावला. वैशालीला विचारलं, वर्षातून चार वेळा जमेल का? ती म्हणाली, रजेचं मी बघते, एप्रिलात तांबडा करूया, पांढऱ्यावर दाजींचा हात बसायला वेळ लागेल. बंडूतात्या म्हणाले, "चारच? महिन्याला एक घाल की लेका." दाजींनी फोन उचलला तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मटणच शिजवत होते, सराव म्हणून, आणि मीठ किती घालायचं ते मलाच विचारत होते.

सगळे येतायत, अक्का. किल्ल्यांबद्दल एकानंही विचारलं नाही.